दुसरा भाग आला, पहिल्याचे काय राहिले?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना, ऑनलाइन खेळाचा दुसरा भाग हा चित्रपटाच्या दुसऱ्या भागासारखा नसतो, असे एक वाक्य मी जाता जाता लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत, आशय तोच ठेवला आहे.

प्रश्न : "'डेस्टिनी २' आणि 'ओव्हरवॉच २' हे दोन्ही खेळ मी खेळलो आहे. दोन्हींत पहिल्या भागातली चांगली गोष्ट आधी काढून टाकली आणि नंतर तीच परत आणली. कंपन्यांकडे एवढी हुशार माणसे असताना असे होते कसे?" (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी)

उत्तर : ती गोष्ट काढून टाकली गेली तेव्हा ती फारशी कोणाला चांगली वाटत नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. २०१४ सालच्या पहिल्या 'डेस्टिनी'त एकाच नावाची बंदूक दहा वेळा मिळाली तरी दहाही बंदुका निराळ्या निघत, कारण प्रत्येकीचे गुण खेळ जणू फासे टाकून ठरवी. एखादी झटपट भरली जाई, एखादीचा पल्ला लांब असे, एखादी निव्वळ टाकाऊ. तीच मोहीम पन्नास वेळा करूनही हवे ते दान पडत नाही, अशी खेळाडूंची सततची ओरड होती. बनवणाऱ्या बंजी या कंपनीची वेगळीच अडचण होती, ती अशी की गुणांच्या इतक्या जुळण्या शक्य असल्यावर कोणती बंदूक कोणत्या क्षणी साऱ्या स्पर्धेला भारी पडेल याचा हिशेब ठेवणे अवघड होऊन बसे. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात प्रत्येक बंदुकीचे गुण कायमचे ठरवून टाकले गेले. कागदावर या निर्णयात काही खोट काढता आली नसती. खेळात मात्र असे झाले की एक बंदूक एकदा हाती आली की त्याच नावाची दुसरी लगेच मोडीत निघू लागली, आणि महिन्याभरात लोकांकडे सगळे असूनही शोधायला काही उरले नाही. पुढच्याच सप्टेंबरात 'फॉरसेकन' या विस्ताराबरोबर फासे परत आले.

'ओव्हरवॉच'ची गोष्ट जरा वेगळी आहे. पहिल्या भागात सहा जणांचा संघ असे आणि त्यांपैकी दोघांना पुढे उभे राहून मार झेलावा लागे. हे काम करायला फारसे कोणी तयार नसे, त्यामुळे नेमबाजी करू इच्छिणारे रांगेत ताटकळत. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसऱ्या भागाने संघ पाचाचा केला आणि मार झेलणारा एकच ठेवला. रांगेचा प्रश्न बराच हलका झाला, पण सामना हरला की सगळा दोष त्या एकट्याच्या माथी येऊ लागला. २०२४ च्या अखेरीस सहा जणांच्या सामन्यांच्या चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या भागातली नशिबाची पेटी, म्हणजे आत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही अशी बक्षिसांची पेटी, हीसुद्धा दुसऱ्याने हद्दपार केली होती, ती २०२५ मध्ये परतली.

तेव्हा माझे मत असे आहे की, रचनाकार तक्रार ऐकण्यात चुकत नाहीत. तक्रार खरीच असते. मात्र ज्या गोष्टीबद्दल ती आहे, तिच्यावर खेळातले आणखी काय काय टेकलेले आहे हे तक्रार करणाऱ्यालाही माहीत नसते. फासे काढले की हाव जाईल हे दिसत होते, उत्सुकताही जाईल हे दिसत नव्हते. शिवाय दुसऱ्या भागाचा आराखडा तो बाजारात येण्याच्या काही वर्षे आधी पक्का होतो, म्हणजे नेमका त्या काळात जेव्हा पहिल्याच्या उणिवांची चर्चा जोरात असते. ज्यांचे उत्तम चाललेले असते ते पत्रे लिहीत नाहीत, हा अनुभव आम्हा सदर चालवणाऱ्यांनाही आहे.

प्रश्न : "माझा भाचा मस्कतहून सुट्टीवर आला की रात्री 'एव्हरक्वेस्ट' हा १९९९ चा खेळ खेळत बसतो. त्याचा दुसरा भाग कधीच निघाला आहे आणि त्याची चित्रे कितीतरी सरस आहेत, असे तो स्वतःच सांगतो. तरी तो पहिल्याला सोडत नाही. यात हट्ट किती आणि कारण किती?" (निवृत्त शिक्षक, चोडण)

उत्तर : आपण चोडणला राहता, म्हणून हे उत्तर फेरीबोटीपासून सुरू करतो.

पहिल्या 'एव्हरक्वेस्ट'च्या दुनियेत एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला जहाज होते. फ्रीपोर्टच्या धक्क्यावर उभे राहून त्याची वाट पाहावी लागे आणि चुकले तर पुढच्या फेरीपर्यंत तिथेच. ज्यांना घाई असे ते एखाद्या ड्रुइड किंवा जादूगार पात्राला गाठत, कारण त्यांच्याकडे क्षणात दूर नेणारा मंत्र असे, आणि त्याचे भाडे घेणे हा काही खेळाडूंचा चक्क धंदा होता. मंत्र वापरणाऱ्यांची शक्ती संपली की ती भरून येईपर्यंत खाली बसून राहावे लागे. सुरुवातीच्या काळात खालच्या पायऱ्यांवरच्या खेळाडूंपुढे त्या वेळी मंत्रांची पोथी उघडी राहून जवळजवळ सगळा पडदा झाकून टाकी. समोरून राक्षस आला तरी दिसायचा नाही. मग माणसे करणार काय? शेजारी बसलेल्याशी बोलत. मेल्यावर सगळे सामान प्रेतापाशीच राही आणि ते आणायला उघड्या हातांनी परत जावे लागे, म्हणजे कोणालातरी सोबतीला बोलवावे लागे. खरेदी-विक्रीसाठी खेळाने जागा नेमून दिली नव्हती, म्हणून ईस्ट कॉमनलँड्स नावाच्या प्रदेशातल्या एका बोगद्यात खेळाडूंनी आपण होऊन बाजार भरवायला सुरुवात केली. तिथे उभे राहून मालाचा पुकारा करायचा, घासाघीस करायची, ओळखीचा दिसला की दोन शब्द बोलायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घ्यायला गेलेला माणूस दोन तासांनी चार घरच्या बातम्या घेऊन परततो, तसलाच तो प्रकार.

या सगळ्याला खेळाडू कंटाळत, हेही तितकेच खरे. डिसेंबर २००१ च्या 'शॅडोज ऑफ लुक्लिन' या विस्ताराने एक अधिकृत बाजारपेठ दिली, जिथे पात्राला दुकान मांडून उभे करावे आणि आपण झोपायला जावे. बोगदा ओस पडला. पुढच्या वर्षीच्या 'प्लेन्स ऑफ पॉवर'ने एका मध्यवर्ती ठिकाणाहून बहुतेक सगळीकडे नेणारी दारे उघडली आणि मंत्राने माणसे पोचवणाऱ्यांचे भाडे बुडाले. गावाला पूल झाला की कोणी पुन्हा फेरीबोट मागत नाही. पण धक्क्यावरचा चहाचा गाडा बंद होतो आणि रोज त्याच वेळी भेटणारी माणसे पुलावरून एकमेकांना नुसती ओलांडून जातात. यात कोणाचीच चूक नसते.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागापुढचा पेच असा होता. पहिला भाग चालूच राहणार होता आणि त्याची मासिक वर्गणी कंपनीला मिळत होती, म्हणून दुसरा त्याचाच नवा अवतार असून चालणार नव्हते. कथानकात पाचशे वर्षे मध्ये घालून, जुनी दुनिया मोडून, चंद्र फुटल्याचे दाखवून ती सोय केली गेली. जुने पात्र, जुनी तलवार, जुनी ओळख यांतले काही पलीकडे नेता येत नव्हते. त्रास कमी करायचा आणि तरी माणसांना एकमेकांशी बांधून ठेवायचे, असे दोन्ही हेतू होते. प्रेतापाशी सामान अडकणे गेले, पण गटातला एक मेला तर दंडाचा वाटा सगळ्यांवर पडू लागला. एका गटाने लढाई सुरू केली की बाहेरच्याला हात लावता येईना, त्या गटाने मदतीची हाक दिली तरच ती खुली होई आणि मग बक्षीस जाई. कारागिराला लागणारे सुटे भाग दुसऱ्या कारागिराकडूनच घ्यावे लागत. पहिल्या भागातले परावलंबन परिस्थितीतून आपोआप आले होते. दुसऱ्याने ते नियम करून लादले आणि लादलेले लगेच ओळखू येते. त्याच महिन्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, ज्यात एकट्याने खेळूनही पुढे जाता येत होते, आणि 'एव्हरक्वेस्ट २' ला यातले बहुतेक नियम पुढच्या काळात एकेक करून सोडून द्यावे लागले.

आपल्या भाच्याच्या हट्टाचा वाटा मी नाकारत नाही. पण त्याचे पात्र, त्याचे सोबती आणि वाटा पाठ असलेली त्याची दुनिया हे सगळे पहिल्यातच आहे, आणि दुसऱ्या भागाने ते घेऊन यायची सोयच ठेवली नव्हती. असे इतरत्रही घडले आहे. १९९९ च्या 'अॅशरन्स कॉल'चा दुसरा भाग २००२ मध्ये आला आणि २००५ च्या अखेरीस बंद पडला, पहिला मात्र चालूच राहिला. दुसऱ्याला २०१२ मध्ये पुन्हा जीव दिला गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये थोरला-धाकटा एकाच दिवशी मिटले.

प्रश्न : "'काउंटर-स्ट्राइक'मधला डस्ट-२ हा नकाशा मुले माझ्या कॅफेत वीस वर्षांपूर्वी खेळत. आता माझा मुलगा घरी तोच खेळतो. कंपनीला इतक्या वर्षांत दुसरे काही सुचले नाही का?" (पूर्वी सायबर कॅफे चालवणारे वाचक, म्हापसा)

उत्तर : सुचले आणि प्रत्येक वेळी महागात पडले. तो नकाशा २००१ चा आहे. मी स्वतः त्या काळी पणजीच्या एका कॅफेत तासाचे पैसे मोजून तो खेळलो आहे. मधल्या दोन दारांच्या फटीतून पलीकडचा पाय दिसला की गोळी झाडायची, ही हाताची सवय अजून गेलेली नाही. २००४ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक: सोर्स' आला तेव्हा आमच्या कॅफेवाल्याने तो हौसेने दोन यंत्रांवर बसवला. यंत्रे धापा टाकू लागली हे एक कारण झाले. पण ती दोन यंत्रे रिकामी राहण्याचे खरे कारण असे की, बंदुकीचा झटका जुन्या भागात ज्या रीतीने उसळे त्या रीतीने नव्यात उसळत नव्हता, आणि तो झटका माऊसने खाली दाबून धरायला मुलांनी दोन-दोन वर्षे घालवली होती. जगभरही तेच झाले. बऱ्याच व्यावसायिक खेळाडूंनी १.६ ही जुनी आवृत्ती सोडली नाही आणि एकाच खेळाचे दोन तट पडले.

यातून मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने घेतलेला धडा पुढच्या भागांत स्पष्ट दिसतो. २०१२ च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मध्ये बॉम्ब, फेरीआधीची खरेदी, पैशांचा हिशेब हे सगळे तसेच राहिले. एके-४७ पूर्वी २,५०० डॉलरना मिळे, ती २,७०० ची झाली, एवढीच तिची महागाई. सायलेन्सर लावता येणारी एम-४ मात्र त्यांनी गाळली होती, ती ऑगस्ट २०१३ मध्ये परत आणावी लागली. त्याच महिन्यात बंदुकांवरची रंगीत आवरणे विकायला सुरुवात झाली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला, कारण ती लोक खऱ्या पैशांनी घेऊ-विकू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' ने जुन्या भागाची जागाच घेतली तेव्हा ही आवरणे जशीच्या तशी नव्यात आली. ज्याच्या पेटीत पैसे अडकले आहेत त्याला तुम्ही नव्या घराची किल्ली देताना पेटी जुन्या घरात सोडून ये म्हणू शकत नाही. बदल झाला तो धुरात. पूर्वी धूर भिंतीसारखा ठरलेल्या आकारात उभा राही, आता तो जागेप्रमाणे पसरतो आणि गोळीने किंवा बॉम्बने त्याला क्षणभर भोक पडते. सामनाही तीसऐवजी चोवीस फेऱ्यांचा झाला.

जुन्या दोषाचीही जपणूक होते, याचे सर्वात मासलेवाईक उदाहरण 'डोटा २' हे आहे. मूळ 'डोटा' हा 'वॉरक्राफ्ट ३' या दुसऱ्याच खेळात खेळाडूंनी घातलेली भर होती, म्हणून त्या खेळाच्या अंगच्या खोडी त्यात आल्या. पात्राला वळायला थोडा वेळ लागतो, ही एक. जंगलातल्या ठाण्यात दर मिनिटाला नवे प्राणी तेव्हाच येतात जेव्हा ठाणे मोकळे असते, ही दुसरी. मिनिट भरायला काही सेकंद असताना जुन्या प्राण्यांना डिवचून ठाण्याबाहेर ओढले की खेळाला ठाणे रिकामे वाटते आणि नवी तुकडी उतरते. जुनी परतली की दोन्ही एकत्र. ही पळवाट होती, पण खेळाडूंनी तिची कला केली. २०१३ मध्ये व्हॉल्व्हने 'डोटा २' स्वतंत्र खेळ म्हणून, नव्या यंत्रणेवर, अगदी पायापासून बांधून आणला तेव्हा या खोडी टिकवायचे काहीही तांत्रिक कारण नव्हते. तरी त्यांनी त्या मुद्दाम नव्याने लिहून काढल्या. त्याच मुळातून निघालेल्या 'लीग ऑफ लेजंड्स'ने २००९ मध्येच वळण्याचा वेळ आणि आपलेच सैनिक मारून शत्रूची कमाई बुडवण्याची युक्ती दोन्ही सोडून दिल्या होत्या आणि त्याचे त्यावाचून काही अडले नाही. एकाने जुन्या खेळाडूंना आणायचे ठरवले होते, दुसऱ्याने ज्यांनी मूळ खेळ पाहिलाच नाही त्यांना.

प्रश्न : "माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो म्हणतो की, पबजी बंद झाला, बीजीएमआय हा वेगळाच खेळ आहे. हा पबजीचा दुसरा भाग म्हणायचा का?" (गृहिणी, साखळी)

उत्तर : नाही. तुमचा मुलगा नाव तेवढे खरे सांगतो आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आला. जुन्या खात्यातले पोशाख आणि बंदुकांची आवरणेही तिकडे नेता येत होती. गोळी लागल्यावर दिसणारे रक्त हिरवे झाले, अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची आणि सात हजार रुपये खर्चाची मर्यादा आली. खेळण्याच्या रीतीत फरक नाही. मध्ये जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत हाही बंद होता. खऱ्या अर्थाने पुढचा भाग म्हणावा असा 'पबजी: न्यू स्टेट' नोव्हेंबर २०२१ मध्ये आला होता. त्यात काळ २०५१ चा, ड्रोन आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या होत्या. आपल्याकडच्या मुलांनी तो चाखून पाहिला आणि बहुतेक जण जुन्याकडेच परतले. वयाची मर्यादा खाते उघडताना सांगितलेल्या वयावरून लागते, तेव्हा त्याच्या खात्यात वय काय लिहिले आहे, ते एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : "आमच्या दशावतारात सुरुवातीचा आडदशावतार हल्ली काही ठिकाणी आटोपता घेतात, कारण लोक उशिरा येतात. मग जुनी माणसे विचारतात, संकासुर कुठे गेला? गेम बनवणाऱ्यांकडे काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची काही कसोटी असते का?" (दशावतारी कलावंत, पेडणे)

उत्तर : आधी मी वर लिहिलेल्याच्या विरुद्ध जाणारे एक उदाहरण देतो, नाहीतर गैरसोय म्हणजेच रंगत असा आपला समज व्हायचा. 'फायनल फँटसी ११' मध्ये लिलावघर होते, यादी पाहून वस्तू घेता येई. सप्टेंबर २०१० च्या 'फायनल फँटसी १४' ने ते सोडून दिले आणि खेळाडूंच्या वतीने विक्री करणारे नोकर एका बाजारपेठेत ओळीने उभे केले. एखादी वस्तू हवी तर एकेका नोकरापाशी जाऊन त्याची पिशवी उघडून पाहायची. 'एव्हरक्वेस्ट'च्या बोगद्यातला बाजार लोकांना आवडला होता, कारण समोर बोलणारा माणूस होता. इथे नुसते पुतळे. हा खेळ इतर कारणांनीही इतका फसला की, नोव्हेंबर २०१२ मध्ये तो बंद करून नवे निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्या देखरेखीखाली नव्याने बांधला गेला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा उघडला. या वेळी वस्तू शोधून घेता येईल अशी सोय होती.

कसोटीचे म्हणाल तर मला ठाऊक असलेली सर्वात उघड पद्धत 'रूनस्केप'ची आहे. २०१२ च्या अखेरीस त्यांनी लढाईची रीत पार बदलली आणि जुने खेळाडू बिथरले. कंपनीजवळ ऑगस्ट २००७ ची एक प्रत सापडली, लोकांचा कौल घेऊन ती फेब्रुवारी २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' या नावाने उघडली गेली आणि ती आजही चालू आहे. तिथे नवे काही घालायचे तर खेळाडूंचे मतदान होते. पूर्वी शंभरात पंचाहत्तर मते लागत, २०२२ पासून सत्तर. मला या पद्धतीत एकच खोट दिसते. मत देणारे सगळे मुळात जुन्यासाठीच आलेले असतात, ज्यांना नवे हवे होते ते केव्हाच दुसरीकडे गेले. आपल्या मंडळाला असा कौल घ्यायचा झाला तर तो पहाटे नाटक संपताना मांडवात उरलेल्यांपुरता घेऊ नये. रात्री संकासुराच्या वेळी मांडवात किती जण असतात, हे आधी चार जत्रांत मोजून ठेवावे.